पूल खेळताना चुकून बॉलला हात लागला, तर फाऊल धरायचा की नाही?

पूल पार्लरमधला नेहमीचा सीन. फ्रेम अगदी शेवटाला आलेली. तुमचा एक बॉल आणि मग काळा, एवढंच शिल्लक. पांढरा बॉल लांब जाऊन बसलाय, म्हणून तुम्ही टेबलावर पार ओणवे होऊन नेम धरता. तेवढ्यात शर्टाची कड शेजारच्या बॉलला लागते आणि तो बोटभर सरकतो. तुमच्या लक्षातही येत नाही, पण समोरच्याने पाहिलेलं असतं.

"फाऊल! पांढरा माझ्या हातात."

"अरे, चुकून लागला ना. ठेव की परत जागेवर."

"चुकून लागला म्हणून काय झालं? फाऊल तो फाऊल."

पुढची दहा मिनिटं खेळ बाजूला राहतो. दोघेही मोबाईल काढून नियम शोधायला लागतात आणि गंमत म्हणजे दोघांनाही आपापल्या बाजूचा नियम सापडतो. कारण दोन्ही नियम खरोखरच अस्तित्वात आहेत. कोणता कुठे लागू होतो आणि का, हे माहीत नसल्यामुळे भांडण होतं. तर तेच आज नीट समजून घेऊया.

आधी हे बघा, लागला कोणत्या बॉलला?

पूलच्या टेबलावर दोन प्रकारचे बॉल असतात. एक पांढरा, म्हणजे क्यू बॉल, ज्याला आपण काठीने मारतो. बाकीचे नंबर घातलेले, जे आपण पॉकेटमध्ये घालतो.

पांढऱ्याच्या बाबतीत फारसा वाद नाही. शॉट मारताना काठीच्या टोकाने होणारा स्पर्श सोडला, तर पांढऱ्याला हात, बाही, काठीची बाजू, काहीही लागलं तरी तो फाऊल. नेम धरताना आपण काठी दोन-तीनदा पुढे-मागे करतो. त्यात टोक नकळत पांढऱ्याला टेकलं आणि तो जरासा हलला, तरीसुद्धा फाऊलच. रेफरी असो वा नसो, यात सूट नाही. अपवाद एकच. समोरच्याच्या फाऊलनंतर पांढरा तुमच्या हातात आला असेल, तर तो ठेवताना अर्थातच हात लावता येतो.

वाद होतो तो नंबरच्या बॉलवरून. शर्ट लागून हलला तो पांढरा नव्हता, बारा नंबरचा होता. आता काय?

जागतिक नियम काय सांगतो?

पूलचे आंतरराष्ट्रीय नियम वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशन ही संघटना ठरवते. तिच्या मूळ नियमात कुठलीही पळवाट नाही. शॉटमध्ये बॉल बॉलला लागून जो हलतो तो सोडला, तर टेबलावरच्या कोणत्याही बॉलला स्पर्श करणं, तो हलवणं किंवा चालत्या बॉलची दिशा बदलणं हा फाऊल आहे. खेळाडू याला 'ऑल बॉल फाऊल' म्हणतात.

स्पर्श कशाचा झाला यानेही फरक पडत नाही. काठी, खडू, लांबच्या शॉटसाठी वापरायचा रेस्ट, कपडे, केस, शरीराचा कोणताही भाग, या सगळ्याची जबाबदारी खेळणाऱ्याची. पांढरा हातात आहे आणि तो ठेवताना दुसऱ्या बॉलला टेकला, तरी फाऊल. शर्टाच्या खिशातून पेन पडून बॉलवर आदळलं तरी पेन तुमचंच.

पण 'चुकून' या शब्दाला नियमात काहीच किंमत नाही, असंही नाही. चुकून लागला तर तो साधा फाऊल. पांढरा समोरच्याच्या हातात जातो आणि तो टेबलावर हवा तिथे ठेवून खेळतो. मुद्दाम हात लावला, तर ते खिलाडूवृत्तीला सोडून केलेलं वर्तन मानलं जातं आणि साधारणपणे अख्खी फ्रेमच गमवावी लागते. म्हणजे हेतू पाहिला जातो, पण तो शिक्षा किती मोठी द्यायची हे ठरवण्यासाठी. फाऊल झाला की नाही हे ठरवताना तो विचारला जात नाही.

मग 'ठेव की परत जागेवर' हा नियम आला कुठून?

तोही याच संघटनेच्या नियमावलीतून आलाय. सामन्याला रेफरी नसेल, तर 'फक्त क्यू बॉल फाऊल' या पद्धतीने खेळायला ती परवानगी देते. या पद्धतीत नंबरचा बॉल चुकून हलला तर तो आपोआप फाऊल होत नाही. पण तीन गोष्टी पाळाव्या लागतात आणि पार्लरमधले बहुतेक वाद या तीन गोष्टी अर्ध्याच माहीत असल्यामुळे होतात.

पहिली गोष्ट, त्या हलण्याचा शॉटवर परिणाम व्हायला नको. हललेला बॉल दुसऱ्या एखाद्या बॉलला जाऊन लागला, किंवा तो आधी जिथे होता त्या जागेवरून पांढरा किंवा दुसरा कोणताही बॉल गेला, तर सूट संपली. तो फाऊल.

दुसरी गोष्ट, बॉल परत ठेवायचा की आहे तिथेच राहू द्यायचा, हे समोरचा ठरवतो. ज्याच्या हातून हलला त्याला हा अधिकार नाही. परत ठेवायचा ठरलं, तर नेमका कुठे होता यावर दोघांचं एकमत हवं.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. समोरच्याला न विचारता तुम्ही पुढचा शॉट मारून टाकला, तर तो फाऊल धरला जातो.

आता सुरुवातीचा सीन परत आठवा. "ठेव की परत जागेवर" म्हणणारा अर्धा बरोबर होता. रेफरी नव्हता, त्यामुळे सवलतीचा नियम लागू करता आला असता. पण बॉल सरकल्याचं त्याला कळलंच नव्हतं. समोरचा वेळेत बोलला म्हणून बरं. तो गप्प बसला असता आणि शॉट झाल्यावर बोलला असता, तर समोरच्याला पर्याय न देता खेळल्याचा फाऊल ठरला असता.

अमेरिकेतली हौशी खेळाडूंची मोठी लीग चालवणारी अमेरिकन पूलप्लेअर्स असोसिएशनही सवलतीच्याच बाजूने आहे. तिच्या नियमानुसार चुकून हललेला बॉल जागेवर ठेवायचा. शॉटच्या आधी हलला असेल तर शॉट मारण्यापूर्वी, आणि शॉट चालू असताना हलला असेल तर सगळे बॉल थांबल्यावर. मात्र तो हललेला बॉल पांढऱ्याला लागला तर सवलत नाही, फाऊल.

रेफरी नसलेल्या सामन्यांमध्ये आणखी एक अपवाद अनेक ठिकाणी पाळला जातो. मध्ये आलेल्या बॉलवरून पांढरा उडवायचा किंवा त्याला वळसा घालून न्यायचा प्रयत्न करताना तोच मधला बॉल हात, काठी किंवा रेस्ट लागून हलला, तर फाऊल. कारण त्या शॉटचं सगळं कसबच मधल्या बॉलला न लागता पलीकडे जाण्यात असतं. तिथे 'चुकून लागला' म्हणणं म्हणजे उंच उडीत दांडी पाडून 'चुकून पडली' म्हणण्यासारखं झालं.

स्नूकरवाले लगेच 'फाऊल' का म्हणतात?

आपल्याकडे बऱ्याच हॉलमध्ये स्नूकर आणि पूलची टेबलं शेजारी-शेजारी असतात आणि तीच मंडळी दोन्ही खेळतात. स्नूकरमध्ये हा प्रश्नच येत नाही. काठीच्या टोकाचा पांढऱ्याला होणारा स्पर्श सोडून कुठलाही बॉल कशानेही लागला तर फाऊल, विषय संपला.

स्नूकर तर आपल्या मातीत जन्मलेला खेळ. 1875 मध्ये जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने तो सुरू केला, असं मानलं जातं, आणि पुढे उटीच्या क्लबमध्ये त्याचे नियम लिहिले गेले. या खेळात एक शिस्त खोलवर मुरलेली आहे. रेफरीच्या नजरेतून सुटलेला स्पर्श खेळाडूने स्वतःहून सांगायचा. टीव्हीवर मोठे खेळाडूही हात वर करून फाऊल कबूल करताना दिसतात, तो याच शिस्तीचा भाग.

पण स्नूकरची सवय जशीच्या तशी पूलवर लावताना शिक्षेतला फरक लक्षात घ्यायला हवा. स्नूकरमध्ये फाऊलचे समोरच्याला 4 ते 7 गुण मिळतात. लागतात ते, पण त्यातून सावरता येतं. पूलमध्ये पांढरा थेट समोरच्याच्या हातात जातो. फ्रेमच्या शेवटी चांगल्या खेळाडूच्या हातात पांढरा देणं म्हणजे बहुतेक वेळा फ्रेमच देणं.

कडक नियमाच्या बाजूने काय म्हणता येईल?

पहिला मुद्दा मिलिमीटरचा. पूलच्या बॉलचा व्यास 57.15 मिलिमीटर असतो. समजा दोन बॉल एकमेकांना चिकटून पॉकेटच्या दिशेने उभे आहेत. मागच्याला मारलं की पुढचा त्या रेषेत सरळ पॉकेटमध्ये जाणार. आता कुणाची तरी बाही लागली आणि बॉल परत ठेवताना त्यातला एक फक्त 1 मिलिमीटर बाजूला ठेवला गेला. दोघांच्या केंद्रांमधून जाणारी रेषा त्यामुळे साधारण 1 अंशाने फिरते. बॉल 1 मीटर पुढे जाईपर्यंत हा फरक जवळपास पावणेदोन सेंटिमीटर होतो.

मोठ्या सामन्यांच्या टेबलावर कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साधारण साडेअकरा सेंटिमीटर असतं. बॉल बरोबर मधून गेला तर दोन्ही बाजूंना तीनेक सेंटिमीटर जागा उरते. म्हणजे 2 मिलिमीटरची चूक झाली तर सरळ आत जाणारा बॉल कडेला धडकणार. मग बॉल 'जागेवर' ठेवला म्हणताना तो खरंच त्याच जागेवर असतो का? एकटा पडलेला बॉल डोळ्यांच्या अंदाजाने ठेवला तर चालून जातं. पाच-सहा बॉलच्या घोळक्यातला एक हलला, तर तो जसाच्या तसा ठेवणं जवळपास अशक्य.

दुसरा मुद्दा, शरीरावरचा ताबा हाही कौशल्याचाच भाग आहे. घोळक्यात काठी उंच धरून एकाही बॉलला न लागता खेळणं अवघड असतं, म्हणूनच खेळाडू त्याचा सराव करतात. स्पर्शाला किंमत नसेल, तर त्या सरावालाही नाही.

तिसरा मुद्दा, मनातलं कुणाला दिसत नाही. क्रिकेटमधला हिट विकेटचा नियम बघा. शॉट खेळताना बॅट, शरीर किंवा अंगावरची वस्तू लागून बेल पडली तर फलंदाज बाद, मुद्दाम पाडली का असं कुणी विचारत नाही. 1960-61 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात मेलबर्न कसोटीत वेस्ट इंडिजचा जो सोलोमन रिची बेनॉच्या चेंडूवर असाच बाद झाला. त्याची टोपी डोक्यावरून घसरून यष्ट्यांवर पडली होती. मेलबर्नच्या प्रेक्षकांनी आपल्याच कर्णधाराची, बेनॉची, हुर्यो उडवली. पण नियमाने सोलोमन बाद होता आणि तो परतला.

आणि सवलतीच्या बाजूने?

इथे मुख्य मुद्दा साक्षीदाराचा आहे. रेफरी टेबलाजवळ उभा राहून प्रत्येक शॉट बघत असतो. रेफरी नसताना समोरचा खेळाडू खुर्चीत बसलेला असतो, चहा घेत असतो, मोबाईलमध्ये असतो. तो प्रत्येक बॉलवर नजर ठेवू शकत नाही. अशा वेळी कडक नियम लावला तर फाऊल फक्त दोनच जणांचे पकडले जातात, जो प्रामाणिकपणे सांगतो त्याचे आणि ज्याच्या समोर शंकेखोर माणूस बसलाय त्याचे. जो गप्प राहतो तो सुटतो. नियम सगळ्यांना सारखा असूनही शिक्षा मात्र सारखी होत नाही.

दुसरा मुद्दा, ज्याच्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही अशा स्पर्शाला फ्रेम जाण्याइतकी शिक्षा जास्त वाटते. गोल्फमध्ये नेमका हाच पेच उभा राहिला होता. 2016 च्या यूएस ओपनमध्ये, ओकमाँटच्या मैदानावर शेवटच्या फेरीत पाचव्या ग्रीनवर डस्टिन जॉन्सन पट मारायच्या तयारीत असताना बॉल किंचित हलला. मी हलवला नाही, असं त्याचं म्हणणं होतं. अधिकाऱ्यांनी त्याला आधी खेळू दिलं आणि मग बाराव्या होलजवळ सांगितलं की कदाचित दंड लागेल, खेळ संपल्यावर ठरवू. बाकीचे होल तो आपला नेमका स्कोअर माहीत नसताना खेळला. शेवटी एका फटक्याचा दंड लागलाच. तरीही तो तीन फटक्यांनी जिंकला म्हणून प्रकरण तिथेच निवलं.

पण नियम करणाऱ्यांना संदेश पोचला होता. 1 जानेवारी 2017 पासून ग्रीनवर चुकून हललेल्या बॉलचा दंड काढायची मुभा आली आणि 2019 मध्ये ती मूळ नियमातच बसली. बॉल परत जागेवर ठेवायचा, दंड नाही. एवढा शिस्तप्रिय खेळ, तरी त्यांनी बदल केला.

आता एक बारकावा. गोल्फच्या ग्रीनवर ज्या बॉलची ही गोष्ट आहे तो एकटाच असतो, त्यामुळे परत ठेवणं सोपं. पूलच्या टेबलावर पंधरा बॉल एकमेकांच्या वाटेत उभे असतात. म्हणून गोल्फमधली सवलत पूलमध्ये सरसकट आणता येत नाही.

मग धरायचं काय?

'चुकून की मुद्दाम' या प्रश्नावरून भांडत बसलं तर उत्तर सापडत नाही, कारण मुद्दाम हात लावणारा कुणीच नसतो. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा. बघायला तिसरा माणूस आहे का? आणि टेबल आधी होतं तसं करता येईल का?

रेफरी असेल तर कडक नियमच योग्य. प्रत्येक स्पर्श दिसतो, सगळ्यांना सारखी शिक्षा होते आणि बॉल कुठे होता यावर वाद घालावा लागत नाही.

रेफरी नसेल आणि एकटा पडलेला बॉल जरासा हलला, शॉटवर काही परिणाम झाला नाही, तर सवलत योग्य. समोरच्याला विचारा, तो म्हणेल तसं करा, खेळ पुढे न्या.

रेफरी नसेल, पण घोळक्यातले दोन-तीन बॉल एकदम हलले, तर सवलतीचा आधारच उरत नाही. आधी होतं तसं टेबल करणं कुणालाच जमणार नाही. अशा वेळी फाऊल धरणं जास्त न्यायाचं, असं आमचं मत आहे. फक्त हे खेळ सुरू होण्याआधी ठरवलेलं असावं.

टेबलावर वाद नको असेल तर

खेळ सुरू करायच्या आधी एकच वाक्य बोला, "सगळ्या बॉलचे फाऊल धरायचे की फक्त पांढऱ्याचे?" पैज लावलेली असेल किंवा हॉलमधली छोटी स्पर्धा असेल, तर हे विचारल्याशिवाय ब्रेक मारूच नका. स्पर्धा भरवणाऱ्यांनी हे नियमांच्या कागदावर लिहूनच ठेवावं.

बॉल हलला तर जिथल्या तिथे थांबा. पटकन बॉल उचलून जागेवर ठेवायची सवय असेल तर ती आधी मोडा. हेतू चांगला असला, तरी तुम्ही न विचारता आणखी एकदा बॉलला हात लावताय. आधी सांगा, "माझी बाही लागली, हा इकडे होता," आणि ठरवायचं काम समोरच्यावर सोडा.

समोरच्याच्या बाजूने असाल तर लगेच बोला. जागतिक नियमानुसार पुढचा शॉट सुरू होण्याआधी फाऊल सांगितला नाही, तर तो झालाच नाही असं धरतात. दोन शॉटनंतर "मगाशी तुझा हात लागला होता" म्हणण्यात अर्थ नाही.

अवघड शॉट असेल, म्हणजे घोळक्यावरून काठी न्यायची असेल, तर समोरच्याला किंवा शेजारच्या टेबलावरच्या कुणाला तरी "जरा बघ रे" म्हणून आधीच बोलवा. तेवढ्या एका शॉटपुरता तोच रेफरी.

बाह्या सरसावून घ्या, सैल शर्ट खोचा, गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवा आणि वरच्या खिशातला मोबाईल बाजूला काढा. वाकल्यावर पहिल्यांदा तेच बॉलला लागतं.

आणि राहिला प्रश्न, कुणीच पाहिलं नसेल तर सांगायचं का? सवलतीच्या नियमात सांगितल्याने बहुतेक वेळा काहीच नुकसान होत नाही. बॉल जागेवर जातो आणि तुमचीच पाळी चालू राहते. कडक नियमात मात्र पांढरा समोरच्याच्या हातात जाईल, कदाचित फ्रेमही जाईल. तरीही सांगाच. त्याच हॉलमध्ये, त्याच मित्रांशी पुढच्या शनिवारी परत खेळायचं असतं, आणि तेव्हा तुम्ही "नाही लागला" म्हणालात तर ते समोरच्याला पटायला हवं.